रात्री आकाशातून आरशाने ऊन पाडणार म्हणे, आपल्या नाशिकला याचा उपयोग आहे का?

निफाडचा_बागाईतदार

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचतोय पण धागा पहिल्यांदाच काढतोय. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, अमेरिकेत कॅलिफोर्नियात रिफ्लेक्ट ऑर्बिटल म्हणून एक स्टार्टअप आहे, ती अवकाशात मोठमोठे आरसे सोडणार आणि रात्री पैसे भरून मागाल तिथं सूर्याचा उजेड पाडणार. थोडं शोधलं तर बातमी खरी निघाली. पहिल्या उपग्रहाचं नाव एअरेंडिल-१, आरसा १८ मीटर बाय १८ मीटर, उंची ६२५ किलोमीटर, २०२५ मध्ये त्यांनी तिकडच्या एफसीसीकडे, म्हणजे दूरसंचार आयोगाकडे, परवानगीसाठी अर्ज केलाय आणि २०३० पर्यंत चार हजार आरसे सोडायचा त्यांचा बेत आहे. आरशाचा उजेड जमिनीवर पाचेक किलोमीटर रुंदीच्या गोलात पडणार.

ग्रुपवर लगेच सुरू झालं की आता रात्री पण सोलर पंप चालणार, लाईटची कटकट मिटली. मला खरंच जाणून घ्यायचंय. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट आलटून पालटून मिळते, एक पाळी दिवसा, एक पाळी रात्री. द्राक्षाला ड्रिप आहे तिथं निदान व्हॉल्व्ह फिरवून घरी येता येतं पण कांद्याला पाणी भरायचं म्हणजे वावरात उभं राहावंच लागतं, आणि शेजारी ऊस. बिबट्या आता कुठं आहे आणि कुठं नाही असं राहिलेलंच नाही, निफाड सिन्नर दिंडोरी सगळीकडं आहे, गंगापूर रोडच्या बाजूला शहरात पण दिसलाय. माझा पुतण्या रात्री वावरात जातो तेव्हा घरातलं कुणी झोपत नाही. म्हणून विचारतोय, हा उजेड पंपाला पुरेल का, पंपाला नाही तर निदान दिसायला पुरेल का, आणि बागेवर कांद्यावर काय परिणाम होईल. ज्यांना कळतं त्यांनी नीट समजावून सांगा.

सिन्नरचा_मास्तर

दादा, मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. हिशोब मांडतो, तुम्हीच ताडून बघा.

लहानपणी आरशाने भिंतीवर कवडसा पाडायचो ना, भिंत जवळ असली की कवडसा आरशाच्या आकाराचा चौकोनी दिसतो आणि लांबच्या भिंतीवर नेला की मोठा, फिका आणि गोल होत जातो. तो गोल म्हणजे सूर्याचंच चित्र. आंब्याच्या झाडाखाली उन्हाचे गोल गोल ठिपके पडतात ते पण तेच. सूर्य आपल्याला आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे त्याचे किरण अगदी समांतर येत नाहीत, थोडे पसरत येतात आणि आरशावरून परतताना तसेच पसरत जातात. सोपा नियम असा की अंतराला १०७ ने भागा, जे येईल ती कवडशाची कमीत कमी रुंदी. ६२५ किलोमीटरला १०७ ने भागलं की पावणेसहा ते सहा किलोमीटर येतात. आरसा कितीही गुळगुळीत करा, आत वळवून बघा, भिंग लावा, यापेक्षा लहान ठिपका त्या उंचीवरून पडणार नाही, कारण ही मर्यादा आरशाची नाही, सूर्याच्या आकाराची आहे.

आता त्या गोलाचं क्षेत्रफळ होतं २६ चौरस किलोमीटर, म्हणजे २ कोटी ६० लाख चौरस मीटर. आणि आरसा किती, तर १८ गुणिले १८, ३२४ चौरस मीटर. ३२४ चौरस मीटरवर पडलेलं ऊन २ कोटी ६० लाख चौरस मीटरवर पसरायचं म्हणजे ते ८० हजार पट पातळ होणार. अवकाशात दर चौरस मीटरला १३६० वॉट ऊन असतं, तर अख्ख्या आरशावर मिळून साधारण ४४० किलोवॉट पडतं आणि खाली तुमच्या एका एकराच्या वाट्याला येतात ६८ वॉट. पूर्ण एकराला. तेही काही वाया गेलं नाही, हवेत धूळ नाही, आरसा बरोबर डोक्यावर आहे असं धरून.

एक मेगावॉटचा सोलर प्लांट या उजेडात १२ वॉट देईल. देईल म्हणतोय तेही कागदावर, एवढ्यावर इन्व्हर्टर चालूच होत नाही. चारही हजार आरसे एकाच क्षणी आपल्या निफाडवर वळवले असं समजलं तरी दुपारच्या उन्हाचा विसावा हिस्सा झाला, आणि ते तर पृथ्वीभोवती पसरलेले असणार, आपल्या आकाशात एका वेळी मोजकेच. थोडक्यात पंपाचं विसरा.

दिसायला पुरेल का, तर हो पुरेल. पौर्णिमेचं चांदणं उन्हापेक्षा साधारण ४ लाख पट कमी असतं, म्हणजे हा उजेड फार तर पाच पौर्णिमांइतका. वाया जाणारं धरून तीन-चार म्हणा. बांध दिसेल, वाफ्यातलं पाणी दिसेल.

ओझरकर

मास्तर, हिशोब बरोबर आहे पण तुम्ही पहिल्याच मॉडेलवरून अख्खी कल्पना निकालात काढताय. आरसा तिप्पट रुंद केला की क्षेत्रफळ नऊपट, आणि फिल्म इतकी पातळ असते की वजन फार वाढत नाही. सोलर पॅनेल पण सुरुवातीला फक्त उपग्रहांवर परवडायचे, आज आपल्या गोठ्यावर आहेत.

आणि ही कल्पना काही आजची नाही. जर्मन रॉकेटवाले हर्मान ओबर्थ यांनी १९२० च्या दशकातच अवकाशातल्या आरशाबद्दल लिहून ठेवलं होतं. रशियाने तर करून दाखवलंय. ४ फेब्रुवारी १९९३ ला मीर स्थानकाजवळ प्रोग्रेस यानातून २० मीटरचा आरसा उलगडला, झ्नाम्या-२ नाव होतं, पाच किलोमीटरचा कवडसा फ्रान्सच्या दक्षिणेकडून रशियाच्या पश्चिम भागापर्यंत सेकंदाला आठ किलोमीटर वेगानं सरकत गेला. त्यामागचे इंजिनिअर व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह, अपोलो आणि सोयूझ यानं अवकाशात जोडली गेली तेव्हाचं डॉकिंग याच माणसाचं. सैबेरियातल्या गावांत हिवाळ्यात दिवस उगवतच नाही तिथं उजेड द्यायचा त्यांचा विचार होता, आणि त्यात मला तरी वाईट काही दिसत नाही. भूकंप, पूर, दरड, अशा वेळी रात्री लाईट गेलेली असते आणि माणसं ढिगाऱ्याखाली असतात, तिथं चार पौर्णिमांचा उजेड म्हणजे किती मोठी गोष्ट आहे. फक्त सोलरच्या तराजूत तोलू नका एवढंच म्हणणं.

खगोलवेडी

ओझरकर, पुढचं पण सांगा ना. १९९९ च्या फेब्रुवारीत त्यांनीच २५ मीटरचा झ्नाम्या-२.५ उलगडायला घेतला तेव्हा फिल्म यानाच्याच अँटेनात अडकून फाटली आणि प्रयोग संपला, ६०-७० मीटरचा तिसरा झालाच नाही. चीनमध्ये छंगदू शहरावर कृत्रिम चंद्र लावणार, खऱ्या चंद्राच्या आठपट उजेड, २०२० पर्यंत, अशी घोषणा २०१८ मध्ये झाली होती, तो चंद्र पण आलेला नाही. अवकाशात एवढी पातळ फिल्म उलगडायची, ताठ ठेवायची आणि सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगानं जाताना जमिनीवरच्या एका जागेवर रोखून धरायची हे खूप अवघड काम आहे आणि ते जमलं तरी एका आरशाचा उजेड एका जागी तीन-चार मिनिटंच राहणार, मग तो पुढं गेला की दुसरा, मग तिसरा.

पण दादांच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच्याही आधी आहे. तुमची रात्रीची पाळी किती वाजता असते? कारण हे आरसे मध्यरात्री उजेड देऊच शकत नाहीत! आरशावर आधी ऊन पडायला हवं ना. ६२५ किलोमीटर उंचीवर सूर्य मावळतो उशिरा, पण मावळतो. सूर्य आपल्या क्षितिजाच्या २४ अंश खाली गेला की डोक्यावरचा उपग्रह पण पृथ्वीच्या सावलीत जातो, आणि आपल्या अक्षांशावर २४ अंश खाली जायला सूर्याला सूर्यास्तानंतर साधारण पावणेदोन तास लागतात. म्हणूनच कंपनीने जी कक्षा निवडलीय ती दिवस-रात्रीच्या सीमेवरून फिरणारी आहे, त्या आरशांवर जवळजवळ कायम ऊन असतं पण ते कायम पहाट आणि संध्याकाळ असलेल्या पट्ट्यावरच असतात. नोव्हेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे पावणेआठ झाले की संपलं. मग पहाटे पाचच्या पुढं परत.

निफाडचा_बागाईतदार

ताई, आमची लाईट येते रात्री दहाच्या पुढं. मग हे आमच्या काहीच कामाचं नाही असंच झालं की.

खगोलवेडी

हो दादा, असंच आहे. मध्यरात्री उजेड हवा तर आरसा खूप उंच न्यावा लागतो आणि उंच नेला की मास्तरांचा १०७ चा नियम आडवा येतो. ३६ हजार किलोमीटरवर, जिथं टीव्हीचे उपग्रह असतात, तिथून कवडसा होतो जवळपास ३३५ किलोमीटर रुंद. मधोमध नाशिक धरलं तर मुंबई, अहिल्यानगर, धुळे सगळं त्यात. आणि एवढ्या भागावर फक्त एका पौर्णिमेइतका उजेड पाडायचा तर आरसा २२ हेक्टरचा लागेल, म्हणजे पंचावन्न एकर. मागितला एका गावाने आणि उजेड कितीतरी जिल्ह्यांना, ज्यांना नकोय त्यांना पण.

हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. घराबाहेर दिवा लावला आणि शेजाऱ्याला त्रास झाला तर तो येऊन सांगू शकतो, दिव्याला टोपी लावता येते, बंद करता येतो. सहा किलोमीटरच्या गोलात किती गावं येतात बघा. एकाने पैसे भरले म्हणून बाकीच्या सगळ्यांची रात्र उजळणार, आणि ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांना नको म्हणायची सोयच नाही.

आम्ही काही जण अमावास्येच्या आसपास हरसूल, पेठ, सुरगाण्याकडं दुर्बिणी घेऊन जातो. शहरातून आता आकाशगंगा दिसत नाही, ती बघायला तिकडं जावं लागतं. आश्रमशाळेतल्या पोरांना शनीची कडी दाखवली की ती परत परत रांगेत येऊन उभी राहतात. या आरशाचा पृष्ठभाग दुर्बिणीतून बघणाऱ्याला सूर्याच्या पृष्ठभागाइतकाच प्रखर असणार, आकार बारीक असला तरी. मोठ्या दुर्बिणीला डोळा लावलेला असताना असा आरसा मध्ये आला तर डोळ्याला इजा व्हायची भीती आहे. आणि गोलाच्या बाहेर सगळं अंधारलेलं राहणार असं कंपनी सांगते तेवढं सोपं नाहीये, फिल्मला थोड्या सुरकुत्या असणारच, त्यावरून उजेड इकडं तिकडं सांडणार आणि हवेतली धूळ तो आणखी पसरवणार. चार हजार असे तारे आकाशात फिरायला लागले तर जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, तिथल्या लोकांनी संध्याकाळी आणि पहाटे काय बघायचं? सूर्याच्या बाजूने पृथ्वीजवळ येणारे लघुग्रह शोधायचे तर नेमकं याच वेळेला आकाशाच्या त्याच भागात बघावं लागतं.

एकलहरे_रिटायर्ड

मी वीजनिर्मितीत नोकरी केली, आता घरी असतो. बागाईतदार भाऊ, तुमची गरज रात्री ऊन मिळण्याची नाहीच आहे, तुमची गरज दिवसा लाईट मिळण्याची आहे. या दोन गोष्टी एक नाहीत आणि त्या व्हिडिओने त्या एक करून टाकल्यात.

रात्रीची पाळी का आली ते समजून घ्या. औष्णिक केंद्र चटकन चालू-बंद करता येत नाही. आपल्या एकलहऱ्याचे २१० मेगावॉटचे संच घ्या, बॉयलर थंड झाला की परत वाफेवर आणायला तास न् तास जातात. त्यामुळे रात्री गावं झोपली, ऑफिसं बंद झाली तरी निर्मिती चालूच आणि ती कुठेतरी वापरायला हवी, आणि दिवसा सगळ्यांना एकदम दिली तर फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनवर, ताण, म्हणून शेतीपंपांचे गट पाडले आणि अर्धे रात्रीला टाकले. शेतकऱ्याची झोप या गणितात कुणी धरलीच नाही. सोलर आल्यावर गणित उलटं झालंय, आता भरपूर वीज दुपारी असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २०१७ ला सुरू झाली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला, १६ हजार मेगावॉटचं उद्दिष्ट आहे, सबस्टेशनजवळच्या जागेवर प्लांट लावायचा आणि शेतीचा फीडर दिवसा त्यावर चालवायचा. ज्या गावांचे फीडर त्यावर गेलेत तिथं रात्री वावरात जायची वेळ राहत नाही. जागा मिळत नाही, गायरानावरून वाद होतात, लाईनची कामं रेंगाळतात, हे सगळं आहे, मी जवळून बघितलंय. पण अडचण जमिनीवरची आहे आणि ती जमिनीवरच सुटणार.

राहिला प्रश्न रात्रीसाठी वीज साठवायचा, तर त्यालाही आकाशात जायला नको. आपल्या शेजारी घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. कड्याच्या वर एक धरण, खाली कोकणाच्या अंगाला दुसरं. वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, हवी असेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून टर्बाईन फिरवायचं. चढवताना थोडी वीज घटते पण पाणी तेच, डोंगर तोच. सह्याद्रीत अशा जागा अजून आहेत. बॅटऱ्या पण स्वस्त होत चालल्यात. दुपारचं ऊन साठवून रात्री वापरणं आणि रात्री नवीन ऊन वरून आणणं यात कुठलं शहाणपणाचं ते तुम्हीच ठरवा.

ओझरकर

काका, घाटघरचा मुद्दा मान्य, विजेसाठी आरसे नकोत यावर माझा काही वाद नाही. पण आपत्तीच्या वेळी उजेड आणि गर्दीचं नियोजन हे अजून शिल्लक आहे. आपल्याकडे २०२७ ला कुंभमेळा आहे, पहाटे दोन-तीनपासून रामकुंडाकडं माणसांची रीघ लागते, गोदाघाट, तपोवन, त्र्यंबक, एवढ्या सगळ्या भागावर एकसारखा उजेड वरून मिळाला तर?

पंचवटीचा_राजू

ओझरकर दादा, माझं घर पंचवटीत आहे, लहानपणापासून कुंभ बघतोय. पर्वणी ऑगस्ट-सप्टेंबरात असते, भर पावसाळा. ढगांच्या वर कितीही आरसे असू द्या, खाली काय येणार? त्र्यंबकला तर त्या दिवसांत समोरचा ब्रह्मगिरी दिसत नाही. आणि दोन-तीन वाजता आरशावरच ऊन नसतं असं ताईंनी आत्ताच सांगितलं.

दुसरं म्हणजे २००३ ची चेंगराचेंगरी आमच्या भागात झाली, ३९ माणसं गेली. ती अंधारात झालेली नाही, दिवसाउजेडी झाली. अरुंद उतार, दोन्हीकडून बॅरिकेड, मागून रेटा. तिथं रुंद रस्ता आणि वेळेवर गर्दी थांबवणारी माणसं हवी होती. उजेडाचं म्हणाल तर घाटावर पोल लावता येतात, जनरेटर ठेवता येतात आणि लोक गेले की बंद करता येतात.

गोदाकाठ

मी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जाते, मला त्या बाजूने बोलायचंय कारण अजून कुणी बोललं नाही.

गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं हे पाणी आहे, निफाड तालुक्यातच, म्हणजे धागाकर्त्या दादांच्या अगदी जवळ. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. हिवाळ्यात हजारो किलोमीटरवरून बदकं, करकोचे, क्रौंच येतात आणि यातले कितीतरी पक्षी प्रवास रात्री करतात. अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी १९६० च्या दशकात छोट्या बंटिंग पक्ष्यांना तारांगणात ठेवून प्रयोग केले होते, घुमटावरचं आकाश फिरवलं की पक्ष्यांची उडायची दिशा पण फिरायची. म्हणजे ते खरोखर तारे बघून जातात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ रात्री आकाशात दोन मोठे झोत सोडतात, त्याचा अभ्यास २०१७ ला प्रसिद्ध झाला, सात रात्रींत मिळून अंदाजे ११ लाख पक्षी त्या झोतांमुळे वाट सोडून घिरट्या घालत राहिले. झोत बंद केले की थोड्याच मिनिटांत पांगायचे. तिथं बंद करणारा माणूस जागेवर होता आणि त्याने ऐकलं.

आता संध्याकाळच्या वेळेचं बघा. पक्ष्यांचं रात्रीचं उड्डाण सुरू व्हायची वेळ सूर्यास्तानंतरचीच, म्हणजे नेमकी आरशांची वेळ. काजवे पण तेव्हाच चमकायला लागतात. मेअखेरीस भंडारदऱ्याला आणि इगतपुरीच्या डोंगरात झाडंच्या झाडं लखलखतात, नर चमकतो, मादी उत्तर देते, त्यावर त्यांचं पुढचं सगळं. भोवती उजेड असला की हा संवादच होत नाही. गाड्यांच्या हेडलाईटनं काय होतं ते काजवे बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने बघितलंय.

आणि दादा, बिबट्याचं एक विचारायचं होतं. चांदण्या रात्री तुमच्याकडे बिबट्या येत नाही का?

निफाडचा_बागाईतदार

ताई, येतो. पौर्णिमेलाही येतो. उसातून बाहेर पडेपर्यंत माणसाला दिसत नाही, त्याला मात्र सगळं दिसतं. तुम्ही विचारलं म्हणून लक्षात येतंय, शेजारच्यांच्या कालवडीला नेलं तेव्हा चांगलं चांदणं होतं. म्हणजे दिसायला पुरेल या माझ्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. बॅटरीचा झोत आणि सोबत चार माणसं यानं जो धीर येतो तो निराळा.

बागेचं आणि कांद्याचं कुणी सांगेल का?

मोहाडीची_नर्सरी

सांगते. झाडं दिवस-रात्रीचा हिशोब ठेवतात आणि बऱ्याच पिकांत तो हिशोब रात्रीच्या लांबीवर चालतो. शेवंतीचं उदाहरण सगळ्यात चांगलं. शेवंतीला फूल यायला लांब अखंड रात्र लागते, म्हणून पॉलिहाऊसवाले मुद्दाम रात्री मध्येच थोडा वेळ बल्ब लावतात, रात्र तुटली की झाड फुलावर येत नाही, काडी लांब वाढते आणि सणाच्या हिशोबाने फूल काढता येतं. त्यासाठी फार मोठा उजेड लागत नाही. सोयाबीन पण तसंच, रस्त्याच्या दिव्याखालचा सोयाबीनचा पट्टा बघा, बाकी वावर पिवळं होऊन पानगळ झाली तरी तेवढा तुकडा हिरवा राहतो आणि शेंगा उशिरा भरतात. कांद्याची गाठ पण दिवसाच्या लांबीवर धरते, म्हणून तर आपल्याकडच्या कांद्याच्या जाती वेगळ्या आणि थंड देशांतल्या वेगळ्या.

चार पौर्णिमांइतका उजेड रस्त्याच्या दिव्यापेक्षा बराच कमी आहे, त्यामुळे एका आरशाने लगेच नुकसान होईल असं मी म्हणणार नाही. पण जास्त उजेड विकायचा तर आरसे वाढवणार, आणि तो नेमका संध्याकाळ लांबवणार आणि पहाट अलीकडं आणणार, म्हणजे झाडाच्या लेखी दिवस मोठा. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतरच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतरच्या त्या दिवसांत बागेत आपण किती जपतो, डावणी-भुरीसारखे रोग, एखादा अवकाळी पाऊस, झोप नसते. त्यात दुसऱ्या कुणीतरी मागवलेल्या उजेडाची भर कशाला?

वकीलताई_कॉलेजरोड

मग याला परवानगी कोण देणार, हा प्रश्न राहिला. एफसीसी म्हणजे अमेरिकेचं दूरसंचार खातं समजा. उपग्रहाशी बोलायला रेडिओ लहरी लागतात, त्यांची परवानगी देणं हे तिचं काम. आरशाचा उजेड कुणावर पडेल, पक्ष्यांचं काय होईल, हे तपासणं त्या कामात बसत नाही आणि तिथं उपग्रहांना पर्यावरणाच्या सविस्तर तपासणीतून सहसा सूट मिळते. म्हणजे लहरी मोकळ्या आहेत का एवढं बघून अख्ख्या जगाच्या रात्रीचा निर्णय होऊ शकतो.

१९६७ चा बाह्य अवकाश करार आहे, भारत आणि अमेरिका दोघंही त्यात आहेत. खासगी कंपनीने अवकाशात काही केलं तरी त्यावर देखरेख ठेवायची जबाबदारी तिच्या देशाची, हे सहाव्या कलमात आहे. दुसऱ्या देशांच्या कामात घातक अडथळा येणार असेल तर आधी सल्लामसलत करा, हे नवव्या कलमात. १९७२ चा नुकसानभरपाईचा करार आहे पण तो वस्तू कोसळून किंवा धडकून झालेल्या नुकसानीच्या अंगाने लिहिलेला, उजेडाने झालेलं नुकसान त्यात कसं बसवायचं हा मोठाच वाद होईल. अमेरिकेच्याच कायद्यात अवकाशातून नुसत्या डोळ्यांना दिसेल अशी जाहिरात करायला बंदी आहे. आकाशात जाहिरात नको हे त्यांना पटलं, मग आकाशातून उजेड विकताना विचारायला नको का? आपल्या सरकारने नवव्या कलमाखाली सल्लामसलत मागावी असं मला मनापासून वाटतं, आणि आत्ता, चार हजार आरसे वर गेल्यावर नाही.

ओझरकर

वकीलताई, तुमच्या या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. भूकंपासारख्या वेळी त्या देशाने मागितला तर, तेवढ्या वेळापुरता, असं काही जागतिक मंडळ ठरवणार असेल तर मी आरशांच्या बाजूने राहीन. पैसे भरेल त्याला उजेड, याला माझा पाठिंबा नाही.

निफाडचा_बागाईतदार

सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. मास्तरांचा एकराला ६८ वॉटचा हिशोब आणि ताईंचं पावणेआठचं गणित आमच्या ग्रुपवर टाकलं. दोघा-तिघांनी परत करून बघितलं, बरोबर येतंय म्हणाले. एकलहऱ्याचे काका, आमच्या सबस्टेशनचा फीडर सौर वाहिनीत का गेला नाही ते विचारायला पुढच्या आठवड्यात आम्ही गावातले काही जण जातोय, जागेचा ठराव ग्रामसभेत घ्यावा लागतो का आणि सोबत काय काय कागद न्यायचे ते सांगाल का?

एकलहरे_रिटायर्ड

नक्की. जागा गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव न्याच, सातबारा आणि नकाशा न्या, सबस्टेशनपासून जागेचं अंतर लिहून न्या कारण पहिला प्रश्न तोच येतो. फीडरवर किती पंप आहेत त्याची यादी करून ठेवा. रात्रीच्या पाळीत बिबट्यामुळे झालेल्या घटना तारखेसह लिहा, वनखात्याच्या पंचनाम्याची प्रत जोडा. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खगोलवेडी

दादा, गोदाकाठताई, एक सुचवते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आपल्याच महाराष्ट्रात. त्यासाठी आधी आकाश किती अंधारं आहे ते मोजावं लागतं. एसक्यूएम नावाचं हाताच्या तळव्याएवढं यंत्र येतं, आकाशाकडं धरलं की आकडा देतं, आमच्या ग्रुपकडे एक आहे. नांदूरमध्यमेश्वर, निफाडची वावरं, पेठ आणि गंगापूर धरणाचा परिसर, इथले आकडे कुंभाचे उंच खांबांवरचे हायमास्ट दिवे लागायच्या आधी घेऊन ठेवू या. उद्या आरसे आले किंवा नाही आले, आपल्याकडे मोजमाप असेल तर हरकत घेताना काहीतरी हातात राहील. येत्या अमावास्येला संध्याकाळी साडेसात ते नऊ, चंद्र नसताना.

गोदाकाठ

मी येते. अभयारण्यात अंधार पडल्यावर थांबायला वनखात्याची परवानगी लागेल, तो अर्ज मी सोमवारी देते. किती जण येणार ते नावासकट मला व्यनि करा, अर्जात यादी जोडावी लागते.